काडतुसाचा काठ कीं पेटीचे ओठ ?
(जुन्या रायफलीच्या एका दोषाचा परामर्श)

गेल्या त्रैमासिक सभेच्या शेवटीं एका संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनीं आम्हांस एक प्रश्न केला. त्याचें उत्तर तेथल्या तेथें देण्याचा मोह आम्हीं आवरला, हें बरें झालें. त्यांचे संग्रहीं सरकारी निकामी मालांतून आलेली पॉइंट ३०३ ची एक ली-एन्फील्ड रायफल आहे. दस्त्याजवळच्या पोलादी कड्यावर मुकुट, ‘जी. आर. आय.’ हीं अक्षरें, ईशापूरचें नांव व १९४२ हा सन स्पष्ट वाचतां येतो. त्याखालीं मागाहून ठोकलेलीं ‘डी. पी.’ हीं अक्षरें आहेत. म्हणजे ही बंदूक कवायतीपुरती ठरवून नळीस भोंक पाडून व आघात करणाऱ्या सुईचें टोंक कापून निकामी केलेली आहे. दारू नसलेलीं, छिद्रें पाडलेलीं कवायती काडतुसें तींत भरून ती कशी चालत असे हें विद्यार्थ्यांस दाखवावें, असा संग्रहालयाचा स्तुत्य हेतु. परंतु दहा काडतुसें पेटींत घातलीं कीं पहिलीं दोन-तीन सुरळीत जातात, आणि चौथें किंवा पांचवें मध्येंच नाक खालीं करून अडतें. कधीं बोल्ट त्याच्या डोक्यावरून नुसताच निघून जातो व नळी रिकामीच राहते.

ह्या दोषावर दोन मतें व्यवस्थापकांच्या कानीं आलीं होतीं. एक बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचें : पेटीचे ओठ फांकले आहेत, ते पकडीनें दाबून कानशीनें सारखे केले म्हणजे काम झालें. दुसरें एका निवृत्त लष्करी गृहस्थांचें : काठाचें काडतूस हीच मुळांत सदोष कल्पना, जुन्या इंग्रजी रायफली अशाच अडत, तेथें इलाज नाहीं. पहिल्या मतानें कानस चालणार, दुसऱ्यानें शोधच थांबणार. कार्यकारी मंडळाचा कल पहिल्या मताकडे होता, व कारागिरास दिवसही नेमून दिला होता. ह्या दोन्ही मतांचा परामर्श घेणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जीर्ण कागदांच्या ह्या त्रैमासिकांत बंदुकीची दुरुस्ती कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं आपल्या सभासदांपैकीं कित्येकांचे घरीं पोथ्यांच्या रुमालाशेजारींच जुनीं हत्यारें आहेत, व दोहोंचाही घात बहुधा एकाच जातीच्या माणसाकडून होतो. तो माणूस म्हणजे सुधारणा करणारा. शिवाय शाळेंत असतां कांहीं वर्षें राष्ट्रीय छात्रसेनेची पलटण आमचेकडे होती, त्यामुळें ही रायफल उघडणें, पुसणें व जोडणें हें आम्हांस अमरकोशाइतकें नसलें तरी बरेंच परिचयाचें आहे.

परिभाषेविषयीं एक शब्द. रघुनाथपंतांच्या राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे, व त्या धर्तीवर बोल्ट, चार्जर इत्यादिकांस संस्कृत नांवें घडविण्याचा मोह आम्हांसारख्यास होणें साहजिक आहे. पण ‘बंदूक’ अरबी, ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून आलेलें, आणि दोन्ही शब्द आतां मराठीच्या घरचे झाले आहेत. बोल्टही तसाच झाला आहे. सबब शिपाई जें बोलतो तेंच आम्ही लिहितों. मॅगेझिनास मात्र पेटी म्हणतों, कारण ती पेटीच आहे.

ही पेटी जेम्स पॅरिस ली याची. हॉइक येथें १८३१ सालीं जन्मलेला हा स्कॉटिश गृहस्थ कॅनडांत व पुढें अमेरिकेंत राहिला. बोल्टच्या खालीं बसणाऱ्या पेटीची त्याची कल्पना १८७९ ची आहे. ब्रिटिश सैन्यानें ती १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलींत घेतली. आरंभीं तींत आठ काडतुसें एकावर एक एका रांगेंत बसत. पुढें दोन रांगांत दहा बसूं लागलीं. १८९५ त नळीच्या आंतील आटे बदलून ली-एन्फील्ड हें नांव आलें. नव्या शतकाच्या आरंभीं आंखूड नळीची व चार्जरनें भरण्याची रायफल आली, आणि जानेवारी १९०७ त तिसरा नमुना मंजूर झाला. तोच १९१६ त थोडा सोपा करून तारांकित म्हणून काढला, व आमच्यापुढील रायफल त्याच वंशाची आहे. ह्या वंशावळींतील एक बारीक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. आरंभींच्या रायफलींत ही पेटी एका लहानशा साखळीच्या कडीनें बंदुकीस बांधलेली असे. ती काढावयाची ती पुसण्यापुरती, भरावयाची वरूनच. म्हणजे ज्यानें ही योजना केली त्याच्या दृष्टीनें पेटी ही बदलून बदलून घालण्याची वस्तु नव्हती, त्या एका बंदुकीचा तो अवयव होता. साखळी पुढें गेली, पण पेटी व बंदूक यांचें नातें तिच्याबरोबर गेलें नाहीं. ह्याचा उपयोग पुढें होईल.

आतां काठाचें प्रकरण. पॉइंट ३०३ च्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेला काठ असतो. बुडाजवळ काडतुसाचा व्यास सुमारें ११·७ मिलिमीटर व काठाचा सुमारें १३·७. म्हणजे काठ चहूंकडून एक मिलिमीटरभर बाहेर येतो. सगळा वाद ह्या एका मिलिमीटराचा आहे. हा काठ नळीच्या तोंडाशीं अडून काडतूस किती आंत जावें हें ठरवितो, आणि रिकामें नळकांडें बाहेर ओढणाऱ्या आंकडीस धरावयास जागा देतो. हे त्याचे गुण. दोष असा कीं पेटींत एकावर एक काडतुसें बसतांना वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागें पडला, तर बोल्ट वरच्यास पुढें ढकलूं लागतांच तो खालच्यासही आपल्याबरोबर ओढतो. ह्यास काठअडक म्हणूं. म्हणून एकेक काडतूस हातानें भरतांना प्रत्येक नवें काडतूस आधींच्याच्या काठापुढें येईल असें ठेवावें लागतें. ज्यास हें ठाऊक नाहीं त्यानें भरलेली पेटी अडली तर दोष भरणाराचा. संग्रहालयांत आम्हीं प्रथम हेंच पाहिलें. काडतुसें भरणारा सेवक तीं मूठभर घेऊन जशीं येतील तशीं दाबीत होता.

एवढ्यानें निवृत्त गृहस्थांचें मत खरें ठरलें असें वाटेल. पण तें तसें नाहीं. लढाईंत हीं काडतुसें एकेक भरीत नसत. पांच-पांच काडतुसें पत्र्याच्या चार्जरांत बसवून, तो बोल्टच्या मागच्या खांचेंत उभा करून, आंगठ्यानें एका दाबांत पेटींत उतरवीत. चार्जरांत काठ एकाआड एक पुढें-मागें ठेवण्याची रीत होती, म्हणजे कोणतेंही टोंक खालीं आलें तरी चाले. काठअडकेचा नियम अक्षरशः खरा मानला तर अशा रीतीनें भरलेली पेटी हटकून अडावयास पाहिजे होती. ज्या सैन्यांत मिनिटास पंधरा नेमके बार काढण्याची शिकवण होती, त्या सैन्यानें हीच रीत अर्धशतक पाळली. यावरून इतकें निश्चित ठरतें कीं काठ मागें पडला म्हणजे अडथळा झालाच पाहिजे असा नियम नाहीं. पेटी आपल्या जागीं असेल, कमान जोरदार असेल व बोल्ट पूर्ण मागें येत असेल, तर काठास एकमेकांवरून सरकण्यास पुरेशी सवड मिळते. काठ हा दोषाचा हेतु नव्हे. फार तर दुसऱ्या दोषाचा साहाय्यक होय. न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथें अन्यथासिद्धाची आठवण होईल, म्हणजे जें कार्याच्या आधीं नेहमीं उपस्थित असतें पण कारण नसतें तें.

इतरांनीं ह्याच काठाशीं कसा संसार केला हें पाहिलें म्हणजे मत अधिक स्थिर होतें. रशियाच्या १८९१ च्या रायफलींत वरचें एक काडतूस खालच्यांपासून वेगळें धरून ठेवणारा एक स्वतंत्र तुकडा बसविला होता. म्हणजे इंग्रजांनीं जें शिपायाच्या शिस्तीवर सोंपविलें तें रशियनांनीं यंत्रावर सोंपविलें. ब्रेन तोफेची—आमचे जवान तिला ब्रेनगनच म्हणत—वरून बसणारी पेटी कमानदार आहे ती ह्या काठापायींच. तींत तीस काडतुसें मावत, पण शहाणा शिपाई अठ्ठावीसच भरी. ब्रिटिशांस स्वतःसही काठ नकोसा झाला होता. १९१३ त त्यांनीं बिनकाठाच्या काडतुसाची नवी रायफल प्रयोगास घेतली होती, परंतु पुढच्याच वर्षीं महायुद्ध उभें राहिल्यानें ती तशीच राहिली. शेवटीं काठ सोडला तो आमच्या ईशापूरनें. १९६२ च्या चीनयुद्धानंतर तेथें ह्याच जुन्या बांधणीवर ७·६२ मिलिमीटरच्या बिनकाठाच्या काडतुसाची रायफल निघाली, आणि तिच्यासाठीं पेटी नव्यानें घडवावी लागली. पेटीचा आकार काडतुसाशीं किती घट्ट बांधलेला असतो याचा याहून चांगला पुरावा नाहीं. तथापि काठ गेला म्हणून अडणेंच संपलें असें मात्र कोणत्याही बिनकाठाच्या रायफलीचा इतिहास सांगत नाहीं.

ह्या मताची चिकित्सा आम्ही इतक्या विस्तारानें करतों, कारण तें निरुपद्रवी नाहीं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसावर जो संहार झाला, त्या वेळीं तेथील कांहीं पोलिसांच्या हातीं ह्याच जातीच्या रायफली होत्या. त्यानंतर ‘पॉइंट ३०३’ हा शब्द आपल्याकडे निकामीपणाचा पर्याय होऊन बसला. स्वयंचलित बंदुकांपुढें बोल्टची रायफल तोकडी पडणार हें उघड आहे, व ती पोलिसांकडून काढून घेणें योग्यच होतें. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं २०२० च्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनांत तिला निरोप दिला. पण तोकडी असणें व सदोष असणें ह्या दोन गोष्टी आहेत. ‘जुनी बंदूक, ती अडणारच’ असें एकदां म्हटलें कीं काडतूस किती जुनें होतें, पेटीची कमान कोणीं कधीं तपासली, हातास सराव किती होता, हे प्रश्न विचारावयाचें कारणच उरत नाहीं. ज्या मतानें चौकशी बंद होते त्याकडे संशोधकानें साशंकतेनेंच पाहिलें पाहिजे.

आतां कारागिराचें मत. तें अनुभवाचें आहे, म्हणून अधिक आदरानें व अधिक सावधपणें तपासावयास हवें. पेटीच्या वरच्या कडा आंत वळलेल्या असतात. त्यांसच ओठ म्हणतात. काडतूस किती वेळ धरावें व कोणत्या क्षणीं सोडावें हें ते ठरवितात. ओठ फांकले तर काडतूस लवकर सुटून वर उडतें. आंवळले तर उशिरां सुटतें व त्याचें नाक खालीं राहतें. म्हणजे कारागिराच्या सांगण्याप्रमाणें ओठ फांकले असते तर काडतूस वर उडावयास पाहिजे होतें. संग्रहालयांतील काडतूस तर नाक खालीं करून अडतें, किंवा बोल्टच्या खालींच राहतें. रोग एक व औषध त्याच्या उलट, असा हा प्रकार झाला. कानस चालली असती तर दोष दूर न होतां दुणावला असता.

बोल्ट काडतुसाच्या डोक्यावरून निघून जातो याचा अर्थ एवढाच कीं काडतूस जितकें वर यावयास पाहिजे तितकें आलेलें नाहीं. तें न येण्यास पुष्कळ कारणें असूं शकतात, आणि तीं तपासण्याचा क्रम असा ठेवावा कीं ज्यानें वस्तूस इजा होत नाहीं तें आधीं. म्हणून प्रथम मळ. कोठारांत ठेवतांना ह्या बंदुकांस खनिज चरबीचा जाड लेप देत. तो पन्नास-साठ वर्षांत वाळून डिंकासारखा होतो, व पेटीच्या तळाशीं, चालत्या फळीखालीं, वेटोळ्या पट्टीच्या कमानीच्या घड्यांत जाऊन बसतो. आम्हीं फळी पुढून उचलून कमानीसह बाहेर काढली, तेव्हां आंतून तपकिरी राळेसारखा बोटभर गोळा निघाला. रॉकेलचा बोळा, बांबूची काडी व फलालीन, एवढ्यावर काम झालें ; लोखंडी टोंचणी वापरली नाहीं. कमान मोकळी होतांच चौथें काडतूस जाऊं लागलें. मात्र सातवें-आठवें अडूं लागलें.

यानंतर पेटीची बैठक. ही परीक्षा सोपी असून आम्हांस फार वर्षांपूर्वीं एका आर्मरर हवालदारानें शिकविली. डाव्या हाताच्या आंगठ्यानें पेटीचा तळ वर दाबून धरावा व बोल्ट चालवावा. दाब असतां काडतूस जात असेल आणि सोडतांच अडत असेल, तर ओठांचा अपराध नाहीं, कमानीचाही नाहीं. पेटी आपल्या जागेहून खालीं उतरली आहे. संग्रहालयांत आम्हीं दाब देऊन दहाच्या दहा काडतुसें तीन वेळां चालविलीं. एकही अडलें नाहीं. कारागीर तेथें उपस्थित होते, व त्यांनीं कानस पिशवींत घातली हें सांगतांना त्यांची थट्टा करण्याचा हेतु नाहीं. प्रत्यक्षापुढें आपलें मत सोडणारे विद्वान् आम्हांस त्यांच्याहून कमी भेटले आहेत.

पेटी खालीं कां उतरावी ? तिला धरणारी खिटी झिजली असेल, किंवा पेटीच त्या बंदुकीची नसेल. खिटीचें टोंक थोडें झिजलेलें आढळलें. पेटीच्या पाठीवरील काळा रंग ओल्या फडक्यानें पुसतां त्याखालीं एक क्रमांक दिसला, व तो बंदुकीच्या क्रमांकाशीं जुळला नाहीं. ह्या रायफलीच्या मुख्य भागावर, बोल्टवर, माग घेण्याच्या पट्टीवर व लांकडाच्या पुढच्या भागावर क्रमांक ठोकलेले असत, व कांहीं ठिकाणीं पेटीवरही. पोथीच्या पानांवर जसे समासांत आंकडे असतात तसेच हे. येथें बोल्टचा क्रमांक जुळतो, लांकडाचा जुळत नाहीं, पेटीचा जुळत नाहीं. म्हणजे कोठारांत कधीं तरी दहा-वीस बंदुका एकदम उघडून पुसल्या व हाताशीं आली ती पेटी हाताशीं आलेल्या बंदुकीस लावली. निकामी मालाच्या बंदुकींत असा मिश्रपाठ हाच नियम आहे, व शुद्ध प्रत अपवाद. चौथ्या नंबरच्या रायफलीची पेटीही दिसण्यांत हुबेहूब अशीच असते. तीही एखादे वेळीं येथें घुसविलेली सांपडते, कधीं चालते व कधीं अशीच खालीं-वर बसते. म्हणून पेटी विकत घेतांना ‘बसली’ यावर विश्वासूं नये.

आणखी दोन-तीन स्थळें थोडक्यांत सांगतों. जुन्या नमुन्यांत पेटीच्या तोंडावरून आडवी सरणारी एक पोलादी चकती असे. ती आंत ढकलली कीं पेटींतील काडतुसें राखून एकेक काडतूस हातानें घालतां येई. ही चकती वांकली किंवा अर्धवट आंत राहिली तर काडतूस वर येत नाहीं, व अजाण मनुष्य पेटीस दोष देतो. १९१६ च्या तारांकित नमुन्यांत ती गाळली. दुसरें, रिकामें नळकांडें ओढणाऱ्या आंकडीची कमान मंदावली तर तें नळींतच राहतें, आणि मागून येणारें काडतूस त्यावर आदळून अडतें. हा भरण्याचा दोष भासतो. आहे तो काढण्याचा. तिसरें म्हणजे हात. बोल्ट भीतभीत अर्धाच मागें ओढला तर तो पुढच्या काडतुसाच्या मागें जातच नाहीं. संग्रहालयांतील वस्तूस लोक आदरानें हळूहळू हात लावतात, व हा आदरच येथें दोष उत्पन्न करतो.

काडतुसाच्या आकाराचा विचार आमच्या मित्रांनीं केलेला नव्हता, पण तो केल्यावांचून परामर्श पुरा होत नाहीं. १९१० पर्यंत ह्या रायफलीची गोळी बोथट नाकाची व २१५ ग्रेन वजनाची होती. त्या वर्षीं टोंकदार, १७४ ग्रेनची सातवी तऱ्हा आली. बोथट नाकाच्या गोळीस जो चढ पुरे तो टोंकदारास पुरेलच असें नाहीं. म्हणून जुन्या बंदुका नव्या काडतुसास योग्य करतांना माग घेण्याची पट्टी व पेटी यांकडे पाहावें लागलें. अर्थात् पेटी एका काळाची, काडतूस दुसऱ्या काळाचें, असा संयोग झाला तर दोघेंही निर्दोष असून अडथळा होऊं शकतो. काडतुसाच्या बुडावर कारखान्याचें चिन्ह व सन असतो. आपल्या खडकीच्या कारखान्याचें—तो १८६९ चा आहे—‘के. एफ.’ हें चिन्ह पुष्कळांच्या पाहण्यांत असेल. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अशीं सुटीं रिकामीं बुडें सांपडतात, तीं भंगारांत देऊं नयेत. हस्तलिखिताची पुष्पिका फाडून टाकणाराइतकाच तोही अपराध आहे.

ज्यांचेकडे शिकारीची पॉइंट ३१५ आहे त्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. लष्करी काडतूस खाजगी लोकांच्या हातीं नको, म्हणून हिंदुस्थानांत हें माप रूढ झालें. काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचें, तेंही काठाचेंच. त्याच्या जन्मभूमींत पांच-पांच काडतुसें एका चौकटींत धरून तीं चौकटीसह बंदुकींत घालीत. येथें तें लीच्या बांधणींत आलें. परान्न पचविण्यास सवय लागते. पेटी, कमान व गोळीचें नाक यांचें जुळलें नाहीं तर तेथेंही हींच लक्षणें दिसतात. मात्र ती बंदूक जिवंत आहे. तिची परीक्षा कवायती काडतुसांनीं व परवानाधारक कारागिराच्याच हातून व्हावी, घरीं नव्हे.

दुरुस्तीच्या घाईविषयीं आम्ही इतके कां अडून बसतों, हें एका जुन्या गोष्टीवरून कळेल. तिशी उलटण्यापूर्वीं आमचे आजोळच्या रुमालांत एका काव्यावरील टीकेची पोथी होती. तींत एके ठिकाणीं व्याकरणास सरळ न बसणारा पाठ होता. आम्हीं तो लेखकप्रमाद ठरवून, हरताळ लावून, त्यावर सुंदर अक्षरांत शुद्ध रूप लिहिलें. शिक्षकाची संवयच ती. पुढें वीस वर्षांनीं दुसऱ्या प्रांतांतील, त्या पोथीशीं संबंध नसलेल्या एका प्रतींत तोच कठीण पाठ आढळला, व त्यावर टिपणही होतें. आमच्या पोथीची साक्ष आम्हींच पुसली होती. हरताळाखालीं काय होतें हें आज आमच्या स्मरणावांचून कोठेंही नाहीं, आणि स्मरण हा पुरावा नव्हे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत सुकथनकरांनीं स्वतःच्या कल्पनेनें पाठ दुरुस्त करण्याचें साधन किती काटकसरीनें वापरलें, हें आम्हीं तोंपर्यंत वाचलें होतें. समजलें मात्र त्या दिवशीं.

पेटीचे ओठही तसेच. ते कारखान्यांत मापून वळविलेले असतात. एकदां कानस लागली कीं मूळचें वळण कोणतें होतें हें सांगावयास दुसरा साक्षीदार राहत नाहीं. खिटीच्या टोंकावर वितळलेलें पोलाद चढवून तें लांबविण्याची सूचनाही पुढें आली होती. तिलाही आम्हीं विरोध केला. झीज ही त्या वस्तूच्या आयुष्याचीच नोंद आहे. याशिवाय एक कायद्याची गोष्ट आहे, ती संग्राहकांनीं विसरूं नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या, पुराणवस्तु म्हणून मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारास जी सूट आहे, ती तें हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. ज्यानें दुरुस्तीचा हौसेनें नाद धरला त्यानें आपल्या भिंतीवरील वस्तु कोणत्या वर्गांत नेऊन ठेविली हें त्यासच पुढें सिद्ध करीत बसावें लागेल.

संग्रहालयापुरता निर्णय असा झाला. पेटीस व खिटीस हात लावावयाचा नाहीं. प्रयोग दाखविणारानें काडतुसें काठ पुढें ठेवून एकेक भरावींत, डावा तळहात पेटीखालीं ठेवून ती किंचित् वर उचलून धरावी व बोल्ट न कचरतां पूर्ण मागें घ्यावा. अशा रीतीनें गेल्या महिन्यांत शाळांच्या चार तुकड्यांस प्रयोग दाखविला गेला, व काडतूस एकदांच अडलें. तें ज्या मुलाच्या हातून अडलें त्यानें बोल्ट अर्धाच ओढला होता, व हें त्याच्याच वर्गांतील एका मुलीनें आमच्याआधीं ओळखलें. बंदुकीच्या नोंदपत्रावर जुळणारे व न जुळणारे क्रमांक, पेटींतून निघालेल्या मळाचें वर्णन व आंगठ्याच्या परीक्षेचा निकाल, हें सर्व तारखेसह लिहून ठेविलें आहे.

राहिली ती मूळची पेटी. ती त्याच कोठारांतून निघालेल्या दुसऱ्या एखाद्या रायफलीस लागून गेली असावी. ज्या सभासदांचे संग्रहीं, शाळेंत किंवा आखाड्यांत ईशापूरची १९४२ ची कवायती रायफल असेल, त्यांनीं तिच्या पेटीच्या पाठीवरील रंग न खरवडतां ओल्या फडक्यानें पुसून पाहावा, व क्रमांक दिसल्यास कार्यालयास कळवावा. आमच्या बंदुकीचा क्रमांक तेथें नोंदवून ठेविला आहे. आमचेकडील पेटी ज्यांची असेल त्यांस ती परत देण्यास संग्रहालय तयार आहे.